आधी गज, मग गंध!

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दसऱ्याला लुटलेले सोने देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात वाळून गेलेले असेल आणि स्वयंपाकघरातून चकलीच्या भाजणीचा खमंग वास दरवळू लागला असेल. अशा मंगल वेळी बंदुकीची गोष्ट कुठून काढली, म्हणून गृहिणी नाक मुरडतील हे मी जाणून आहे. ‘आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात साधा अडकित्ता सापडेना झाला, तिथे बंदूक कुठली!’ असेही कुणी म्हणेल. खरे आहे. शहरात आपण खंडेनवमीला शिवणयंत्राला हळदकुंकू वाहतो, स्कूटरला झेंडूची माळ घालतो आणि शस्त्रपूजा झाली असे समजतो. परंतु आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजोळ, सासर किंवा मूळ घर अजून खेड्यात आहे. तिथल्या जुन्या घराच्या ओसरीवर, दोन खुंट्यांच्या आधाराने, पणजोबांच्या काळची एखादी लांबलचक बंदूक टांगलेली असते. दसऱ्याला ती खाली उतरते, तिला गंधफूल वाहिले जाते, मुले तिला हात लावून पाहतात आणि मोठी माणसे हसून म्हणतात, “घेऊ दे रे हातात, रिकामीच आहे!”

या ‘रिकामीच आहे’ विषयी मला आज चार शब्द सांगायचे आहेत.

सहा दसऱ्यांची उदबत्ती

आमचे आजोळ बुलढाणा जिल्ह्यातले, मेहकर तालुक्यात, पैनगंगेच्या आसपासचे. आजोबांची शेती डोंगराच्या कडेला होती. ज्वारी हुरड्याला आली की रानडुकरे उतरत आणि एका रात्रीत अर्धा एकर लोळवून जात. त्यामुळे त्या दिवसांत आजोबा आणि त्यांचा सालदार मचाणावर जागलीला जात. आजोबांच्या खांद्यावर परवान्याची ठासणीची बंदूक असे. १९६८ साली आजोबा वारले. मामा शाळामास्तर. त्यांना खडूची सवय, बंदुकीची नव्हे. परवाना त्यांनी रीतसर आपल्या नावावर करून घेतला, पण बंदूक जी खुंटीवर चढली ती फक्त खंडेनवमीला उतरायची.

मी सांगतो ती हकीकत १९७४ च्या दसऱ्याची. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. मामींनी बंदूक पाटावर ठेवून तिची पूजा केली, नळीला झेंडूची माळ घातली आणि नेहमीप्रमाणे एक उदबत्ती घोड्याच्या खालच्या खाचेत खोचली. ती जागा उदबत्तीच्या काडीला अगदी बेताची होती, जणू त्यासाठीच केलेली! दुपारी सगळी मंडळी पंगतीत गुंतली असताना मी हळूच बंदूक उचलली, धाकट्या मामेबहिणीवर रोखली आणि तोंडाने ‘ठो’ केले. ती खिदळत दाराआड पळाली.

त्याच वेळी आजोबांचा जुना सालदार अंगणात आला. आम्ही मुले त्याला म्हातारबा म्हणत असू. थकल्यामुळे तो लेकीच्या गावी राहायला गेला होता आणि कित्येक वर्षांनी सोने द्यायला आला होता. त्याने हातातली पाने टाकून दिली, मला काही न बोलता बाजूने येऊन नळी आभाळाकडे वळवली आणि मग बंदूक माझ्या हातातून काढून घेतली.

“बाबू, हे कोनावर धरत नसतात.”

“पण ती रिकामी आहे!” मी म्हणालो.

“कोन सांगतलं तुले?”

आता मामा बाहेर आले होते. ते म्हणाले, “म्हातारबा, आबा गेल्यापासून ती कुणी उडवलीच नाही. मग भरलेली कशी असेल?”

म्हाताऱ्याने मामांकडे पाहिले. “नाही उडवली म्हनूनच तं इचारतो, भाऊ. उडवली असती तं रिकामी झाली असती.”

ओसरीवर एकदम शांतता पसरली. म्हातारबाने नळीखाली खोचलेला गज ओढून काढला. बंदुकीचे तोंड भिंतीच्या वर, आभाळाकडे ठेवून, स्वतः अंग बाजूला घेऊन, त्याने गज हलकेच नळीत सोडला. तो जिथे थांबला तिथे, नळीच्या तोंडाशी, चिमटीने खूण धरली. मग गज बाहेर काढून नळीच्या अंगावरून, बाहेरून, लांबीला लावून दाखवला. गजाचे टोक घोड्याखालच्या खुंटीपर्यंत पोचायला हवे होते. ते चांगले चार बोटे अलीकडेच थांबले होते.

“चार बोटं कायनं भरली, सांगा बरं?” म्हातारबा म्हणाला. आणि मग त्यालाच आठवले. आजोबांची ती शेवटची जागल. डुकरांची चाहूल लागली म्हणून त्यांनी बार ठासला. डुकरे आली नाहीत. पहाटे आजोबांना हुडहुडी भरून ताप चढला. बंदूक घरी आली, खुंटीवर गेली. टोपी तेवढी आजोबांनी काढून ठेवली होती. त्यानंतर ते अंथरुणावरून उठलेच नाहीत, आणि नळीतल्या बाराची आठवण कुणालाच राहिली नाही.

“अगं बाई!” म्हणून मामी मटकन खाली बसल्या. कारण ज्या खाचेत त्या सहा वर्षे जळती उदबत्ती खोचत होत्या, तिथूनच आतल्या दारूला विस्तव पोचायचा असतो.

ठासणीची म्हणजे कशी?

ज्यांनी अशी बंदूक पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. हल्लीच्या बंदुकीत काडतूस मागच्या बाजूने घालतात. ती मोडून पाहिली की आत काडतूस आहे की नाही हे उजेडात दिसते. ठासणीची बंदूक मागून बंद असते. तिच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा एक बोळा, आणि हे सगळे गजाने ठासून घट्ट बसवायचे. नळीच्या बुडाशी एक छोटी पोकळ खुंटी असते. तिच्यावर तांब्याची टोपी बसवतात. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो, टोपीतली ठिणगी खुंटीच्या पोकळीतून आत जाते आणि बार उडतो. याहून जुन्या तोड्याच्या बंदुकीत ही ठिणगीही नसे. नळीच्या कानाशी रंजक ठेवायची आणि तिला जळती वात लावायची.

म्हणजेच, या बंदुकीच्या पोटात काय आहे हे बाहेरून कधीच दिसत नाही. टोपी नाही म्हणजे बंदूक रिकामी, असे पुष्कळांना वाटते. टोपी ही फक्त काडेपेटी झाली. लाकडे आत रचलेली असू शकतात.

बुलढाणा जिल्ह्याच्या मातीला या हत्याराची ओळख फार जुनी आहे. सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याजवळ ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिझखान यांची मोठी लढाई झाली. मुबारिझखान पडला, गावाला ‘फत्तेखेर्डा’ असे नाव मिळाले आणि हैदराबादच्या निजामशाहीचा पाया तिथे घातला गेला. १७५७ साली सिंदखेडला मराठ्यांनी निजामाच्या सैन्याला कोंडले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानावर वेलस्लीची फौज नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या सैन्याशी भिडली. या साऱ्या लढायांतल्या बंदुका तोंडाकडूनच भरायच्या. शाळेत आपण १८५७ ची जी काडतुसांची गोष्ट शिकलो, तीही ठासणीच्याच बंदुकीची. कागदी काडतूस दातांनी तोडून आतली दारू नळीच्या तोंडात ओतायची होती, म्हणून तर त्या चरबीचा प्रश्न निघाला.

लढायांतून ही बंदूक केव्हाच निवृत्त झाली, पण शेतातून नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात पिकांच्या राखणीसाठी द्यायच्या परवान्याच्या संदर्भात ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. तेवढ्याने भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देऊ शकतो. एका बारानंतर पुन्हा भरायला वेळ लागणारे हे हत्यार कुणब्याच्या हाती राहिले ते असे.

दारूला म्हातारपण नसते

“सहा वर्षांची जुनी दारू, ती काय पेटणार?” असे आमच्याकडे त्या दिवशी एका शेजाऱ्याने विचारले होते. त्याचे उत्तर पुढे मला पुस्तकांतून मिळाले.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. यांतले काहीही दुधासारखे नासत नाही. कोरडी राहिली तर ही दारू माणसाच्या दोन-चार पिढ्या सहज पाहते. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एक जुनी तोफ होती. ती १७८० साली बुडालेल्या एका ब्रिटिश जहाजावरची. लोक तिच्याजवळ उभे राहत, मुले तिच्याशी खेळत. २०१३ च्या जानेवारीत तिची साफसफाई करायला घेतली, तेव्हा आत गोळा आणि दारू जशीच्या तशी ठासलेली निघाली! पोलिसांचे स्फोटक-पथक बोलवावे लागले. सुदैवाने तिथे कुणाला इजा झाली नाही. पण २००८ साली व्हर्जिनिया राज्यात जुन्या वस्तूंचा एक जाणकार संग्राहक अमेरिकन यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना स्फोट होऊन जागीच ठार झाला. तो गोळा सुमारे १४० वर्षांचा होता.

त्याच युद्धात, १८६३ च्या जुलैमध्ये, गेटिसबर्गची लढाई झाली. लढाईनंतर रणांगणावर पडलेल्या सुमारे २७,५०० बंदुका गोळा करण्यात आल्या. त्यांपैकी सुमारे २४,००० भरलेल्या होत्या. त्यांतल्या निम्म्या बंदुकांत एकावर एक असे दोन बार होते, काहींत तीन ते दहा, आणि एका बंदुकीत तर तेवीस! त्या गदारोळात आपला बार उडाला की नाही हे शिपायाला कळले नव्हते, आणि तो भरतच राहिला होता. ज्याच्या हातात बंदूक होती त्यालाही ती भरलेली आहे की रिकामी हे सांगता आले नाही. मग खुंटीवरची बंदूक पाहून आपण कशाच्या जोरावर सांगणार?

गज टाकण्याची रीत

तेव्हा जुन्या बंदुकीची निगा राखायची तर पहिले काम तेल लावण्याचे नव्हे, गज टाकण्याचे. ते असे करावे.

खोलीतून मुलांना आणि रिकामटेकड्यांना बाहेर घालवावे. निरांजन, उदबत्ती, विडी, शेगडी यांतले काहीही जवळ नको. बंदुकीचे तोंड आभाळाकडे किंवा मातीच्या जाड बांधाकडे असावे. कुणाच्याही दिशेने नको, स्वतःच्या तर नकोच. चापाला बोट लागता कामा नये. खुंटीवर टोपी दिसली, तर तिला घरच्यांनी पक्कड, सुरी लावायची नाही. तिथेच थांबावे आणि जाणकाराला बोलवावे. टोपी नसेल तर लाकडी गज हलक्या हाताने आत सोडावा. आपटायचा नाही, दाबायचा नाही. हात आणि तोंड नळीच्या समोर येऊ द्यायचे नाही. गज थांबला की तोंडाशी खूण करावी, बाहेर काढावा आणि नळीवर बाहेरून लावून पाहावा. तो खुंटीच्या किंवा कानाच्या जागेपर्यंत पोचला, तर नळी मोकळी असावी असे समजायला हरकत नाही. बोटभर जरी अलीकडे राहिला, तर आत काहीतरी आहे. कदाचित गांधीलमाशीचे घर असेल, कदाचित कोंबलेली चिंधी असेल. पण आपण समजायचे ते ‘बार आहे’ असेच.

आणि मग? मग काहीही करायचे नाही! हा सल्ला ऐकायला सोपा आणि पाळायला कठीण आहे, कारण घरात एखादा हौशी काका असतोच. नळी तापवायची नाही, उन्हात ठेवायची नाही, सळई ठोकायची नाही, बुडाचा आटा फिरवायचा नाही, आणि ‘एकदा उडवूनच टाकू’ असे तर मुळीच म्हणायचे नाही. इतक्या वर्षांत नळी आतून गंजून पातळ झालेली असली, तर बार तोंडाऐवजी उडवणाऱ्याच्या हातातच फुटेल. बंदूक होती तिथे ठेवून पोलीस ठाण्याला कळवावे आणि परवानाधारक कारागिराला घरी बोलवावे.

आमच्या मामांनी तेच केले. कारागीर आला. त्याने आधी खुंटीतून तेल आणि पाणी सोडून आतली दारू रात्रभर भिजू दिली. दुसऱ्या दिवशी गजाच्या टोकाला मळसूत्री आकडा लावून बोळा अलगद उपसला. मग छर्रे गळाले, आणि मागून काजळासारखा काळा चिखल आला. बोळा उलगडला तर ती लाल काठाची चिंधी निघाली. आजोबांच्या पंचाची. मामींनी ती धुऊन ठेवली.

उडवलेल्या बंदुकीला आंघोळ

आता साफसफाईकडे वळू. लोखंड आणि पाणी यांचे वैर आपण लहानपणापासून ऐकतो, त्यामुळे बंदुकीला पाणी म्हटले की लोक दचकतात. पण काळ्या दारूच्या बाबतीत गोष्ट उलटी आहे. ही दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग धूर न होता घन क्षारांच्या रूपाने मागे उरतो. हे क्षार हवेतला ओलावा खेचून घेतात. पावसाळी रात्र असेल तर सकाळपर्यंत नळीत तांबूस गंज दिसू लागतो. जुन्या टोप्यांच्या राखेत तर मिठाच्या जातीचाच क्षार असतो. मीठ जसे तेलात विरघळत नाही तसे हे क्षारही तेलाने निघत नाहीत. घाणेरड्या नळीला तेल चोपडणे म्हणजे न धुतलेल्या जखमेवर पट्टी बांधण्यासारखे आहे. त्यांना पाणीच हवे.

म्हणून बार उडवलेली बंदूक त्याच दिवशी धुवावी. नळी मोकळी असल्याची खात्री करून ती दस्त्यापासून सुटी करावी. सहज सुटत नसेल तर बळजबरी करू नये. खुंटी काढून, नळीचे बूड बादलीतल्या साबणाच्या गरम पाण्यात बुडवावे आणि गजाच्या टोकाला चिंधी गुंडाळून वरखाली करावे. पिचकारीसारखे पाणी आत ओढले जाते आणि बाहेर फेकले जाते. पहिले पाणी शाईसारखे काळे येते. ते स्वच्छ येईपर्यंत पाणी बदलत राहावे. शेवटी चहाच्या आधणासारखे कढत पाणी ओतावे, म्हणजे नळी तापते आणि आपल्याच उष्णतेने वाळते. (हाताला जाड फडके बांधायला विसरू नका!) मग कोरड्या चिंध्या, आणि त्यानंतर यंत्राच्या तेलाचा पातळ हात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पांढरी चिंधी फिरवून पाहावी. ती तांबूस निघाली तर काम अपुरे राहिले असे समजावे.

बुलढाण्याच्या पठारावर उन्हाळ्यात हवा अगदी कोरडी असते, पण पावसाळ्याचे चार महिने बंदुकीच्या परीक्षेचे असतात. त्या दिवसांत ती चामड्याच्या किंवा लोकरीच्या खोळीत कधी ठेवू नये. खोळ ओल धरते आणि आतल्या आत गंज चढतो.

नुसत्या टांगलेल्या बंदुकीला

परंतु जी बंदूक वर्षानुवर्षे उडालेलीच नाही, फक्त घराण्याची आठवण म्हणून आहे, तिला ही आंघोळ नको. तिला मऊ कुंचल्याने धूळ झटकणे आणि तेलाचा हलका हात एवढे पुरे. वर्षानुवर्षे चढलेला काळसर तपकिरी रंग हा तिचा पोशाख आहे. काचकागदाने घासून तिला भांड्यासारखी चकचकीत करण्याचा मोह आवरावा. त्या घासण्यात कारागिराचे नाव, क्रमांक, नळीवरचे जौहर, सगळे कायमचे पुसून जाते. नागपूरला १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय आहे. आपल्या वऱ्हाड-नागपूरकडची मंडळी त्याला ‘अजबबंगला’ म्हणतात. तिथल्या शस्त्रदालनात एकदा मुलांना घेऊन जा, म्हणजे जुने हत्यार आपल्या वयाला शोभेल असे कसे ठेवतात ते पाहायला मिळेल.

आता थोडे पूजेविषयी, कारण इथे गृहिणींचे राज्य आहे. ओले गंध, हळदकुंकवाचे बोट, पाण्याने निथळणारी फुले हे सारे लोखंडाला अपायकारक आहे. माझे म्हणणे पूजा करू नये असे नाही. ओले गंध दस्त्याच्या लाकडाला लावावे, फुले कोरडी वाहावीत आणि त्याच संध्याकाळी सारे पुसून काढावे. निरांजन आणि उदबत्ती देवापाशी शोभते; बंदुकीपासून ती हातभर नव्हे, खोलीभर दूर असावी. खोबरेल लावू नये, ते कालांतराने चिकट होऊन कळा धरतात. दस्त्याच्या लाकडाला मात्र आपल्या वऱ्हाडातलेच जवसाचे तेल उत्तम. अगदी थोडे घेऊन तळहाताने चोळावे. इथे एक इशारा लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता निर्माण करते, आणि गोळा केलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात भिजवून टाकाव्यात.

बंदुकीशेजारच्या खुंटीवर दारूचे जुने शिंग किंवा ट्रंकेत टोप्यांची डबी असेल, तर तिलाही हाच न्याय. ‘रिकामे आहे’ असे समजून शिंग हलवायचे नाही, डबी उचकटायची नाही. आणि दिवाळीच्या निमित्ताने एक शेवटची ताकीद: फटाक्यातली दारू काढून जुन्या नळीत भरण्याचा उद्योग काही व्रात्य पोरांना सुचतो. ती दारू वेगळी, तिचा जोर वेगळा. त्यात नळी फाटते आणि बोटे जातात. तुमच्या घरच्या कार्ट्याला हे आजच सांगून ठेवा.

कागदपत्रांचीही निगा

बंदुकीइतकीच तिच्या परवान्याची निगा राखावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. परवानाधारक वारला किंवा मुदत संपली, तर ‘बघू पुढे’ म्हणून बंदूक घरात ठेवता येत नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, आणि वारसाने आपल्या नावे अर्ज करायचा असतो. दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुनाट हत्यारांना कायद्याने वगळले आहे खरे, पण आपली बंदूक त्यांत बसते की नाही याचा निवाडा आपण ओसरीवर बसून करू नये. जिल्हाधिकारी कचेरीत विचारावे. आणि पिकाच्या राखणीची बंदूक हाती आहे म्हणून रानडुक्कर किंवा रोही मारण्याची मुभा मिळते असेही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

मामा आता हयात नाहीत. परवाना मामेभावाच्या नावावर आहे. म्हातारबाने त्या दसऱ्याला मोकळ्या झालेल्या नळीत गज टाकून, तोंडाशी येईल तिथे चाकूने एक बारीक खाच पाडून दिली होती. ती खाच अजून गजावर आहे. त्या वर्षापासून आमच्या आजोळी पूजेचा क्रम बदलला. पाट मांडण्याआधी गज टाकायचा, खाच तोंडाशी आलेली घरातल्या प्रत्येकाने पाहायची आणि मगच मामींनी गंधाची वाटी उचलायची. ‘आधी गज, मग गंध’ ही म्हण त्यांचीच.

यंदाच्या दसऱ्याला मी आजोळी गेलो होतो. ज्या मामेबहिणीवर मी पन्नास वर्षांपूर्वी नळी रोखली होती, तीही माहेरी आली होती, आपल्या नातीला घेऊन. मामेभावाने गज टाकला. एकेकाने वाकून खाच पाहिली. नात मागून पुढे आली आणि म्हणाली, “आजी, आधी कधी भरलेली निघाली होती का गं?”

बहिणीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “एकदाच. तू नीट बघ. खाच दिसतेय ना?”